पक्षी माझ्याकडे बघत नाहीत

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! कुर्डुवाडीहून एसटीनं आले. कॅमेऱ्याची बॅग मांडीवर आणि पांघरुणांचं बोचकं पायात. एवढं जपण्यासारखं त्या बॅगेत काय आहे, असं कंडक्टरनं दोनदा विचारलं. तान्हं बाळ आहे म्हटलं, तेव्हा कुठे गप्प बसला.

सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली आहे, गच्चीला लागून. घरमालकीण विजयमालाबाई निवृत्त शिक्षिका, खाली एकट्याच राहतात. आल्या आल्या त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे केली. चटणी इतकी खमंग, की अम्मीला फोन करून सांगितलं. ती रुसली.

कामाचं थोडं लिहून ठेवते. माळरानावरच्या बेचाळीस पक्ष्यांचं पुस्तक निघणार आहे, सगळे फोटो उडतानाचे. फांदीवर बसलेला पक्षी कुणीही ओळखतो, आकाशातून जाणारा ओळखता यावा म्हणून हे पुस्तक. तेहेतीस पक्षी अण्णाराव नावाच्या फोटोग्राफरनं आधीच काढलेत. त्यांना ते पुरं करता आलं नाही, एवढंच संपादक म्हणाले. उरलेले नऊ माझे.

बारा वर्षं सोहेबच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, स्टुडिओत लग्नं काढली. स्टेजवरची माणसं ‘इकडे बघा’ म्हटलं की बघतात. पक्षी बघत नाहीत, म्हणून तर मला ते आवडतात. पाखरांचे फोटो काढून कुणाचं भलं झालंय का, असं अब्बा निघताना म्हणाले. पण बॅग स्टँडपर्यंत त्यांनीच उचलून आणली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज माळावर पहिला दिवस. अक्कलकोट रस्त्यानं स्कूटीवर पाऊण तास, मग कच्ची वाट, बसवनाळ गाव, आणि गावामागे माळ. गुडघाभर वाळलेलं गवत, मधूनच एखादी बाभळ, बाकी सगळं आकाश. नजर अडेल असं काही नाही.

संपादकांनी गुरप्पांचा नंबर दिला होता. सत्तरीचे धनगर, डोक्याला तांबडा पटका, बोलता बोलता कानडीत शिरतात. मेंढरं विकून चार वर्षं झाली, तरी रोज सकाळी माळावर येऊन बसतात. त्यांची बायको गौरम्मा रागानं म्हणाली की या माणसाचं लग्न माझ्याशी नाही, या माळाशी झालंय.

उडता पक्षी टिपायचा तर पाय रोवून उभं राहायचं, कोपरं अंगाशी धरायची आणि पक्ष्याबरोबर कंबरेतून फिरायचं. बटण दाबून धरलं की सेकंदाला वीस फोटो. त्यातल्या एखाद्यात पंख, उजेड आणि डोळा तिन्ही जमून येतात. डोळा धारदार आला नाही तर बाकी सगळं फुकट.

पण गुरप्पांची एकच अट, फोटो बसून काढायचे. डोक्यावरून जाणारा पक्षी बसून कसा पकडणार, म्हटलं. ते म्हणाले, “मग त्यो पक्षी सोडायचा की.”

मला हसू आलं. ते हसले नाहीत. आज बसूनच काढले. दोन पखुर्ड्या, त्याही धूसर.

१० नोव्हेंबर, रविवार

अट मोडली! उभी राहिले आणि दोन तासांत कापशी घार, धाविक आणि चंडोल मिळाले. कापशी माझ्यापासून वीस हातांवर येऊन हवेत थरथरत थांबली. इतक्या जवळ पक्षी येत नाहीत. लोक महिनोन्‌महिने लपून बसतात तरी येत नाहीत.

गुरप्पा चिडले नाहीत. मी उभी राहिले की तेही गुडघ्यावर हात देऊन उठतात आणि माझ्या पाठीशी येऊन उभे राहतात. मागे सरकले तर त्यांना धक्का लागतो. एकदा त्यांच्या पायावर पाय पडला. तरी जागचे हलले नाहीत.

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी लॅपटॉपवर फोटो निवडत बसले. एक गंमत सापडली. पक्ष्यांच्या माना वळलेल्या आहेत. पक्षी कॅमेऱ्याकडे बघतो, ते नेहमीचंच. पण हे माझ्याकडे बघत नाहीत. नजर माझ्या डाव्या खांद्यावरून मागे जाते. कापशीची, चंडोलाची, टिटवीचीसुद्धा.

मग लक्षात आलं, मागे गुरप्पा असतात. तांबडा पटका दुरूनही दिसत असणार. उद्या त्यांना पटका काढायला सांगावं का? नको. वाईट वाटेल.

१६ नोव्हेंबर, शनिवार

गौरम्माचा गुडघा सुजला म्हणून गुरप्पा तिला घेऊन अक्कलकोटला गेले. आज येऊ नका, असं काल तीनदा सांगितलं होतं. मी गेले. ऊन इतकं स्वच्छ होतं की घरी बसवेना.

पक्षी अगदी अंगावर येत होते. नऊपैकी आठ झाले! फक्त पांढुरक्या भोवत्याचा नर राहिला. घारीहून सडपातळ, राखी-पांढरा. हिवाळ्यात येतो आणि गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून तरंगत जातो. तो आला की पुस्तक पुरं.

एकच विचित्र झालं. बॅग बाभळीखाली ठेवून मी तिच्या शेजारीच उभी होते. टिटव्यांचा थवा डोक्यावरून गेला, तो मी टिपत राहिले. कॅमेरा खाली केला तर बॅग समोर, लांब. मोजली, चाळीस पावलं. म्हणजे मी आकाशाकडे बघत चाळीस पावलं उलटी चालले होते. एकदाही ठेच लागली नाही.

रात्री जेवताना विजयमालाबाईंना सांगितलं. कामात गुंतल्यावर असं होतं, म्हणाल्या. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्यासुद्धा एकदा पायरीवरून खाली गेल्या होत्या.

आत्ता फोटो बघितले. गुरप्पा आज नव्हते. माझ्यामागे कुणीच नव्हतं.

पक्षी तिकडेच बघतायत.

१७ नोव्हेंबर

पुस्तकातल्या फोटोंची धाटणी कळावी म्हणून संपादकांनी अण्णारावांची हार्डडिस्क दिली होती. आज ती तारखेप्रमाणे लावून पाहिली. काय सुंदर काम! डिसेंबर, जानेवारी, सगळं सरळ. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून माना वळायला लागतात. आधी एखाद्या फोटोत, मग सगळ्या. आणि पक्षी जवळ जवळ येत जातात.

शेवटची तारीख अकरा मार्च. सकाळी आठ वाजून चार मिनिटं. भोवत्याच्या नराचे तेवीस फोटो, एका दमात काढलेले, डोळा एकातही धारदार नाही. तो समोरून येतो, मोठा होतो, डोक्यावरून जायला लागतो. पंधराव्या फोटोत नुसतं पोट. सोळाव्यात आकाश. सतराव्यात आकाश हललेलं.

अठराव्यात आकाशाला कड आहे. दगडाची.

विसाव्यात आकाश गोल आहे. ताटाएवढं. तेविसाव्यात वाटीएवढं.

मी संपादकांना फोन केला.  ते म्हणाले, अण्णाराव माळावरच्या विहिरीत पडून गेले, हे तुला सांगायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

गुरप्पांना घरी जाऊन गाठलं. विहिरीचं विचारल्यावर त्यांनी गौरम्माला आत पाठवलं आणि सांगायला लागले. जसं सांगितलं तसं लिहिते.

बाभळीपासून दीडशे पावलांवर जुनी विहीर आहे. कोरडी, आठ परस, म्हणजे आठ माणसांएवढी खोल, कठडा नाही, भोवती गवत. गुरप्पा पंधरा वर्षांचे असताना त्यांचा थोरला भाऊ सिद्धराम तीत पडला. थंडीत करकोच्यांचे थवे यायचे, ते बघायचा त्याला नाद. कपाळाला हात लावून, मान वर करून, तासन्‌तास. त्या दिवशी थव्याखाली तो उलटा चालत गेला. गुरप्पा हाका मारत होते, त्यानं ऐकलं नाही. त्यानंतर माळावर जो कुणी आकाशाकडे बघत उभा राहील, त्याच्या मागे गुरप्पा उभे राहत आले. पंचावन्न वर्षं. विहिरीवर बाभळीचे काटे टाकतात, दोन दिवसांनी बघावं तर बाजूला झालेले असतात. मार्चमध्ये नातीच्या बारशाला गेले, आणि अण्णाराव गेले.

“ह्यो माळ वर बगणाऱ्याला मागं वडतो, ताई,” ते म्हणाले. “भोवत्या सोडा. घरला जावा.”

मी बरं म्हणाले.

२१ नोव्हेंबर

गेले नाही. सामान बांधलं, सोडलं, परत बांधलं. संपादक म्हणाले, भोवत्याचा फोटो दुसऱ्या कुणाकडून घेऊ. दुसऱ्या कुणाकडून! माझ्या नऊपैकी एवढा एकच पक्षी दुसऱ्याच्या नावावर.

खरं लिहायचं तर पुस्तकाचं निमित्त आहे. असे फोटो मला पुन्हा कुठेच मिळणार नाहीत. पक्षी माझ्यासाठी येत नाहीत, हे कळतंय. तरी येतात ना.

कॅमेरा मोबाइलला जोडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फोटोची जागा नोंदली जाते. सोळा तारखेचे ठिपके नकाशावर टाकून पाहिले. बाभळीपासून निघालेली रेघ, पट्टीनं मारल्यासारखी. शेवटच्या ठिपक्याच्या पुढे गवतात एक काळा गोल दिसतो.

गुरप्पांना फोन करून विचारलं, एकदाच, बसून, दोरी बांधून चालेल का.  ते म्हणाले, “दावं मी आणतो.”

२३ नोव्हेंबर, शनिवार

 नीट लिहायचा प्रयत्न करते.

गुरप्पांनी बैल बांधायचं दावं माझ्या कंबरेला बांधलं, दुसरं टोक बाभळीला, मधला भाग स्वतःच्या हातात. मी बसले. पावणेआठला भोवत्या आला. मावळतीकडून, गवताला चिकटून, थेट माझ्याकडे. मी बटण दाबलं.

बसले होते, एवढं नक्की. उठल्याचं आठवत नाही. कंबरेला हिसका बसला तेव्हा मी उभी होते आणि दावं ताठ झालं होतं. गुरप्पा जमिनीत टाचा रोवून ओरडत होते. कॅमेरा डोळ्यापासून निघत नव्हता. मग मी आडवी पडले आणि सुटलं.

गुरप्पांच्या तळहाताची सालं निघाली होती. किती जोर होता तुमच्यात, असं काहीतरी म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, “ताई, तुमी एकट्याच वडत न्हवता.”

रात्री फोटो उघडले. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. भोवत्या पंधरा हातांवर, पंख वर, प्रत्येक पीस वेगळं, डोळा पिवळाधमक. मी डोळा मोठा करून पाहिला, नेहमी पाहते तसा. त्यात माळ दिसतो, वाकलेला. बाभळ. खाली बसलेले गुरप्पा, तांबडा ठिपका. मी, काळी काडी. आणि माझ्यामागे आणखी एक काडी.

हात कपाळाला लावलेला.

२४ नोव्हेंबर

गुरप्पांना दाखवायला नको होतं. पण त्यांच्यापासून लपवणंही बरं वाटेना. गेले, लॅपटॉप उघडला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पडद्याला नाक लावलं. मग विचारलं, “हात कंचा हाय? उजवा का डावा?”

मी पाहिलं. डावा.

“आमचा सिद्धू डावखुराच की,” म्हणाले, आणि तिथेच खाली बसले. गौरम्मा धावत आली. ते रडत नव्हते. हसत होते, लहान मुलासारखे. पंचावन्न वर्षं तिथंच उभा हाय म्हणा की, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. फोटो कागदावर काढून द्या, म्हणाले. मी देते म्हणाले.

निघताना त्यांनी माझा हात धरून विचारलं, मी त्यांच्यामागे उभी राहीन का. एकदाच. ते वर बघतील, सिद्धू दिसला की खाली बघतील.

मी नाही म्हणाले. स्कूटी चालू केली आणि मागे न बघता आले.

२६ नोव्हेंबर

सकाळी गौरम्माचा फोन. आधी नुसतं कानडी, काही कळेना. मग कळलं.

काल दुपारी गुरप्पा एकटेच माळावर गेले. संध्याकाळी गावातल्या माणसांनी काढलं. पटका विहिरीच्या कडेवर होता. उताणे पडले होते, डोळे उघडे, डावीकडे जागा सोडून. कुणाशेजारी निजल्यासारखे, असं ती म्हणाली.

मी त्यांना फोटो दाखवला. मीच दाखवला.

जाऊन आले. गौरम्मा मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२७ नोव्हेंबर

कॅमेरा बॅगेत, बॅग पलंगाखाली. माळाकडे पुन्हा जाणार नाही. परवा घरी.

विजयमालाबाई रोज सकाळी गच्चीवर पारव्यांना ज्वारी टाकतात. आज त्यांच्याबरोबर उभी होते, मन रमावं म्हणून. खाली कुणीतरी गाडीचा दरवाजा आपटला आणि सगळे एकदम उडाले. पन्नास-साठ पारवे. एक गिरकी घेऊन डोक्यावरून गेले.

माना वळलेल्या होत्या. कॅमेऱ्याशिवायही दिसलं.

विजयमालाबाईंनी माझा दंड धरला. एवढ्या जोरात की वळ उठलाय. त्या म्हणाल्या, अगं, कुठे चाललीस? माझी टाच कठड्याला लागली होती. कठडा मांडीएवढाच आहे.

हा सोलापूर शहरातला तिसरा मजला आहे. इथे माळ नाही. विहीर नाही.

पंचावन्न वर्षं वर बघणाऱ्याच्या मागे एक माणूस उभा होता. आता तिथे कुणी नाही.

२८ नोव्हेंबर

गच्चीचं दार बंद. खिडकीला चादर. विजयमालाबाईंनी खाली त्यांच्याकडे झोपायला बोलावलं. गेले.  त्या माझ्या मागे खुर्ची ठेवून बसल्या आणि विणत राहिल्या.

दुपारी बाहेर कावळे. आवाज येतो. बघितलं नाही.

संपादकांना भोवत्याचा फोटो पाठवला नाही. पुसला. कॅमेऱ्यातूनही पुसला. डोळे मिटले की दिसतो.

अब्बांना फोन केला. उद्या संध्याकाळच्या गाडीनं येते म्हटलं. काय झालं विचारलं. काही नाही, आठवण आली. कुर्डुवाडीच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहतो, म्हणाले. म्हटलं, अब्बा, माझ्या मागे उभे राहा. त्यांना कळलं नाही. बरं म्हणाले.

२९ नोव्हेंबर, स्टेशनवर

साडेपाच. गाडी वीस मिनिटं उशिरा. विजयमालाबाई रिक्षानं सोडायला आल्या, आतापर्यंत माझ्यामागे उभ्या होत्या. पाण्याची बाटली आणायला गेल्या आहेत. मी नको म्हणाले. त्या गेल्या.

बाकावर बसलेय. पाठ टेकून. बाक लोखंडाचा आहे, जमिनीत रुतवलेला. मी लिहितेय. लिहिताना मान खाली असते. म्हणून लिहितेय.

भोरड्या आल्या. ज्वारीच्या दिवसांत येतात, हजारोंनी, संध्याकाळी शहरातल्या झाडांवर उतरतात. आवाज पावसासारखा. प्लॅटफॉर्मवरचे सगळे वर बघतायत. मोबाइल काढलेत. शेजारची बाई म्हणतेय, अय्यो, किती, धूरच म्हणायचा. बघा तरी हो.

नाही बघत.

सावल्या पायांवरून जातात. एकीकडे. मग एकदम दुसरीकडे. मग

थांबल्या. सावल्या थांबल्या.

एकदा बघितलं. एकदाच. सगळा थवा — हजारो माना —

किती वेळ बघितलं? उजेड कमी झालाय.

वही हातात आहे. पेन हातात आहे. मी उभी आहे.

बाक समोर आहे. दहा पावलांवर. त्यावर माझी बॅग.

विजयमालाबाई जिन्यावर दिसतायत. बाटली पडली त्यांच्या हातातून. ओरडतायत. ऐकू येत नाही, गाडीचा आवाज —

पायाखाली प्लॅटफॉर्मच्या कडेची पिवळी पट्टी.

पुढे जायचं. नुसतं एक पाऊल पुढे. उचललं. टेकलं ते —

मागे —

अब्बा, माझ्या मागे उभे